तुर्रीच्या नावाची दुरुस्ती

केज,
सोमवार, ५ जानेवारी २०२६

प्रिय धनश्रीताई,

सप्रेम नमस्कार. तुमचा खोकला आता गेला असेल अशी आशा आहे. अम्मीने अंबाजोगाईला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती काढ्याची पुडी पाठवायची ठरवली आहे. नको म्हटलंत तरी ती पाठवणारच. इकडे आम्ही सगळे ठीक.

आधी एक दुरुस्ती. वीस डिसेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं, ‘नेकनूरचे पंडितराव पाखराचा फोटो पाहताच आपणहून म्हणाले, ही तुर्री.’ ते आपणहून म्हणाले नाहीत. आधी मी म्हणाले. मी फोन त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, “काका, याला तुर्री म्हणतात ना?” त्यावर ते म्हणाले, “व्हय की, तुर्रीच. मिस्त्रीची पोरगी खोटं बोलंल व्हय?”

त्यांचा ट्रॅक्टर गेली अकरा वर्षं अब्बा दुरुस्त करतात. मी त्या फोटोला मोर म्हटलं असतं तरी ते ‘व्हय’च म्हणाले असते.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी पत्र? नावांबद्दलचं सगळं कागदावर, तारीख घालून, टपालानेच पाठवायचं, फोनवरचं पुसलं जातं, हा तुमचाच नियम. दुसरा नियमही मला पाठ आहे. आपण छापतो आहोत त्या जिल्ह्याच्या पक्षीसूचीत इंग्रज साहेबांच्या नावाची पंधरा पाखरं आहेत. कुणी जर्डनचा, कुणी ब्लिथचा, कुणी टिकेलचा. त्यांची मराठी नावं पुस्तकागणिक बदलतात. आपली ही तुर्री मुरमाड माळावरची, मातीच्या रंगाची, डोक्यावर टोकदार तुरा असलेली. एका यादीत ती ‘सायक्सचा चंडोल’, दुसरीत ‘तुरेवाला चंडोल’ (आणि तुरेवाला म्हणावा असा चंडोल आणखीही एक आहे), तिसरीत नुसताच चंडोल. म्हणून तुम्ही ठरवलंत, तीन गावांतल्या तीन माणसांनी एकमेकांना न विचारता एकच नाव सांगितलं, तर ते वर मोठ्या अक्षरात छापायचं आणि साहेबाचं खाली बारीक अक्षरात. नाहीतर साहेब वर.

सांगणाऱ्या दर माणसामागे एक खूण. पंधरांपैकी एकाच पाखराच्या रकान्यात तीन खुणा झाल्या. तुर्रीच्या. त्या तिन्ही खुणा मी केल्या आहेत.

मी शाळेत तिसरीपासून गेले हे तुम्हाला माहीत आहे. त्याआधी दम्यामुळे घरीच. पहिली अक्षरं मी स्पेअर पार्टच्या खोक्यांवर वाचली, पहिले आकडे ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटवर. पण अब्बांनी त्याहीआधी शिकवलं ते चाकाचे नट. नट आवळायचा, दुसऱ्यांदा पाना लावून बघायचा, आणि मगच त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. हात लावून बघितल्याशिवाय ठिपका नाही. ठिपका दिसला की गाडीवाला निश्चिंत होऊन घाट उतरतो, कारण त्याला वाटतं कुणीतरी बघितलंय. सूचीतल्या खुणा करताना मला हे आठवलं नाही असं नाही. आठवलं होतं.

सायक्ससाहेब कोण होता ते मी अब्बांना वाचून दाखवलं. दोनशे वर्षांपूर्वी दख्खनची पाहणी करत फिरलेला, माणसं, शेतं, पाखरं सगळं मोजून लिहून ठेवणारा इंग्रज अधिकारी. अब्बांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “त्याच्या घोड्याला नाल कुणी ठोकली?” मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. ते म्हणाले, “तोच तर खरा रस्ता जाणणारा. त्यानेच सांगितली असतील पाखरांची नावं.” (अब्बा घरात दखनी बोलतात. मी बहुतेक मराठीत करून लिहिते, एखादं वाक्य तसंच ठेवीन.)

तुमचं ‘नाव मान्य झालं’ हे पत्र आलं तेव्हा ते टेम्पोखाली होते. तसेच बाहेर आले आणि उभ्याने दोनदा वाचलं. कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा ग्रीसचा ठसा आहे. दुसऱ्या दिवशी साजिदभाई पेंटरला बोलावून त्यांनी गॅरेजच्या शटरवर ‘तुर्री ऑटो गॅरेज’ रंगवून घेतलं, शेजारी पाखरू. पाखरू थोडं कोंबड्यासारखं झालंय. हे नाव मी पहिल्यांदा अब्बांकडून ऐकलं, म्हणून छपाईचा खर्च उचलणारे मोहनरावसाहेब एक फेब्रुवारीला सूचीच्या अंतिम वाचनात त्यांचा सत्कार करणार, हे आता केजच्या स्टँडवर चहावाल्यालाही ठाऊक आहे. माणसं टायरमध्ये हवा भरायला येतात आणि विचारतात, “काय मिस्त्री, पुस्तकात गेले म्हणं!” अब्बा म्हणतात, “मी न्हाई, माजं पाखरू.”

पहिल्या खुणेचं मी वर लिहिलं. उरलेल्या दोन खुणांबद्दल आत्ता लिहीत नाही. आधी पुन्हा जाऊन येते.

तुमची,
इरम


केज,
मंगळवार, २० जानेवारी २०२६

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. काढा कडू लागला तरी घेतलात, अम्मी खूश आहे.

तुम्ही लिहिलंत, ‘इरम, कुठलंही नाव पहिल्यांदा कुणीतरी एकच माणूस म्हणतो. इतकं मनाला लावून घेऊ नकोस.’ वाचून मला फार बरं वाटलं. तासभर मी तुमचं ऐकलंसुद्धा. मग शटर खाली ओढताना ते पाखरू समोर आलं.

शनिवारी सकाळच्या एसटीने मी नेकनूरला गेले. या वेळी फोटो दाखवला आणि तोंड बंद ठेवलं. पंडितराव गोठ्याशी बसले होते. बघताक्षणी म्हणाले, “ही व्हय? ही तुर्री.”

माझ्या जिवात जीव आला. मग विचारलं, “काका, हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी म्हंजी? तूच की! मागं सांगून गेलतीस. तवापास्नं आमी सगळेच तुर्री म्हणताव.” त्यांनी घराकडे तोंड करून आवाज दिला, “अगं, ती बांधावर येऊन बसती ती कोण गं?”

आतून सुनेचा आवाज आला, “तुर्री!”

“आणि आधी काय म्हणायचात?”

“आधी?” पंडितराव विचारात पडले. “आधी कोण बघतंय तिच्याकडं? चिमणीच म्हणायचं.”

ताई, मला लाज वाटली. आणि त्याच वेळी, लपवत नाही, छातीही फुगली. एका महिन्यात मी एका वस्तीला एक शब्द दिला होता. सायक्ससाहेबाला दोनशे वर्षांत ते जमलं नाही, नेकनूरात त्याचं नाव कुणी ऐकलेलंही नाही. परतीच्या गाडीत मी अर्धा रस्ता खूश होते. उरलेल्या अर्ध्या रस्त्यात कळलं, की आता नेकनूरात खरं नाव विचारायची सोय मी कायमची घालवली आहे. तिथे जो कोणी जाईल त्याला माझाच शब्द परत मिळेल.

रविवारी जीपने नांदूरघाटला. तिथली दुसरी खूण छबुबाईंची. त्यांची मेंढरं आहेत, साठीच्या पुढच्या आहेत. डिसेंबरात त्या ‘व्हय’सुद्धा म्हणाल्या नव्हत्या. “आसंल बाई” म्हणाल्या होत्या आणि मी खूण केली होती. या वेळी त्यांनी फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला.

“फोटूत काय कळतंय? चल, दावते.”

गावाच्या वर माळ आहे. त्या पुढे, मेंढरं त्यांच्यापुढे, मी धापा टाकत मागे. एका जागी त्यांनी काठी आडवी धरली. मला आधी नुसता मुरूम दिसला. मग त्यातला एक तुकडा चालायला लागला, ढेकळावर चढला आणि तुरा उभा केला.

“ती बग. ढेकळी.”

“ढेकळी?”

“ढेकळाच्या आडोशाला घरटं घालती, ढेकळी. माजी सासू म्हणायची, तिची सासू म्हणायची. तिच्या अंड्याच्या दिसांत आमी या अंगाला मेंढरं घालीत न्हाई. ढेकळी उठली की कळप वळवायचा, लांबनं न्यायचा. आमच्यात तसंच हाय.”

मी विचारलं, “मग मागच्या वेळी हे का नाही सांगितलं?”

“आता इचारतीस व्हय?” त्या हसल्या. “मागं तू इचारलं कुठं? तू तर सांगून गेलीस. मी म्हणलं, शिकल्याली पोरगी हाय, आसंल.”

मी तिथेच दगडावर बसून वही काढली. सासू, तिची सासू. मी बोटांवर वर्षं मोजली. शंभर वर्षं तर इथेच झाली. त्यामागच्या सासवा धरल्या, तर तो साहेब या बाजूने गेला असो वा नसो, त्याच्या काळातही कुणीतरी बाई या किंवा असल्याच माळावर ‘ढेकळी उठली’ म्हणून कळप वळवत असेल. हे मोजताना मला जेवढा अभिमान वाटला तेवढा तुमचं मान्यतेचं पत्र आलं तेव्हाही वाटला नव्हता.

आता तिसरी खूण. ही मी मागच्या पत्रात टाळली आणि आत्ताही दोनदा पेन खाली ठेवलं.

ती केजच्या आयशाखालाची. स्टँडबाहेर फळांचा गाडा. डिसेंबरात मी तिला फोटो दाखवून तेच विचारलं. ती पेरू तोलत होती. फोटोकडे बघून ती एवढी हसली की तागडी हलली. “तुर्री? तुर्री तर तूच की गं!”

यावर मी खूण केली.

ताई, आमच्या घरात तुर्री म्हणजे मी. लहानपणी माझ्या कपाळावरचे केस काही केल्या खाली बसत नसत. अम्मी तेल लावून चापून बसवायची, वारा लागला की पुन्हा उभे. अब्बा मला तुर्री म्हणायचे, अजून म्हणतात. पाच-सहा वर्षांची असताना ते मला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून कामावर नेत. एकदा नांदूरघाटच्या अलीकडे ट्रॅक्टर बंद पडला होता. पार्ट येईपर्यंत आम्ही दोघं माळावर बसलो. हे पाखरू समोर ढेकळावर आलं, तुरा उभारून आमच्याकडे बघत राहिलं. अब्बा म्हणाले, “देख, ये भी तुर्री.”

म्हणजे आधी मी, मग पाखरू. त्या पाखराला माझं नाव मिळालं आहे.

साहेबांची नावं पाखरांवरून उतरवायची म्हणून आपण ही सूची हाती घेतली, आणि वर मोठ्या अक्षरात छापायला मी दिलं ते माझं स्वतःचं नाव. सायक्सने तर तेवढंही केलं नव्हतं. ‘सायक्सचा’ हे मागच्या लोकांनी चिकटवलं. त्याने स्वतः शास्त्रीय नावात लिहिलं ते ‘देवा’. कुठून घेतलं, कुणी सांगितलं, मला सापडलं नाही. निदान त्याने स्वतःचं घातलं नाही.

मी हे ठरवून केलं का, असं तुम्ही विचाराल. पहिल्या दिवशी नाही. मला खरंच वाटायचं, सगळ्यांच्याच घरी तिला तुर्री म्हणत असतील. पण आयशाखाला हसली तेव्हा मला कळलं होतं. खूण मी त्यानंतर केली.

अब्बांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी सत्कारासाठी नवा शर्ट शिवायला टाकला आहे.

तुमची,
इरम


केज,
सोमवार, २६ जानेवारी २०२६

प्रिय ताई,

आज टपाल बंद आहे, हे पत्र उद्या सकाळी पेटीत पडेल. झेंडावंदन करून आत्ताच आले.

तुमचा फोन आला तेव्हा मी तो उचलला नाही, रागावू नका. फोनवर तुम्ही म्हणाला असता, ‘मी बघते, मी खोडते, कुणाला कळायचं नाही.’ तसं होऊ नये म्हणून हे लिहिते.

गुरुवारी दुपारी अब्बांना सांगितलं. ते टेम्पोचं मागचं चाक बसवत होते. मी शेजारी उकिडवी बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पंडितराव, छबुबाई, आयशाखालाचं हसणं. त्यांनी मान वर केली नाही. एकेक नट आवळत होते, ठिपका देत होते. माझं बोलणं संपलं तेव्हा पाचही ठिपके झाले होते.

त्यांनी रंगाचा ब्रश खाली ठेवला.

“तीन निशाण तूने लगाए?”

“हो.”

“हात लगाके देखी थी?”

“नाही.”

त्यांनी बोळा घेतला, पेट्रोलमध्ये बुडवला. मला वाटलं, उठून शटरवरचं पाखरू पुसणार. त्यांनी चाकावरचे पाचही ठिपके पुसून काढले. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, “तुझं ऐकत होतो. माझं ध्यान नटावर नव्हतं.” आणि पाना घेऊन पहिल्यापासून पाचही पुन्हा तपासले. तिसरा खरंच अर्धा पीळ ढिला होता.

त्यानंतर हात धुताना मी भीत भीत विचारलं, “मग शटरवरचं नाव?”

“वो कायको निकालना?” आता मात्र त्यांचा आवाज चढला. “दुकान मेरी, बेटी मेरी. उसको तीन गवाह कायको?”

ताई, मी सहा वर्षांची असल्यासारखी रडले. अम्मी आतून धावत आली, “क्या हुआ, क्या हुआ?” अब्बा म्हणाले, “कुछ नहीं. तुर्रीने एक नट ढीला पकडा.”

संध्याकाळी ते स्वतः शिंप्याकडे गेले. मला वाटलं शर्ट नको म्हणून सांगायला. शर्ट घेऊन आले. शाल घेणार नाहीत, पण रविवारी येणार आहेत. म्हणाले, माझी मुलगी एवढ्या माणसांत उभी राहून बोलणार, ते ऐकायला चांगला शर्ट लागतो. स्टँडवरच्या चहावाल्यालाही त्यांनीच सांगितलं. तो म्हणाला, “मंग गेलं का पुस्तकातनं?” अब्बा म्हणाले, “गेलं. माज्या पोरीनंच काडलं.” हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात त्यांनी आजवर फक्त माझा बारावीचा निकाल सांगितला होता.

आता माझी विनंती. माझ्या पानाचं वाचन येईल तेव्हा तुम्ही आधी काही बोलू नका. मला सभेत बोलायची सवय नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तरीही. मी कागदावर लिहून आणते आहे. त्यात तीनच गोष्टी आहेत. पहिली, तुर्रीसमोरच्या तिन्ही खुणा मी केल्या, त्या खोट्या आहेत, त्या खोडाव्यात, आणि का खोट्या हे आयशाखालाच्या हसण्यासकट. दुसरी, ढेकळी या नावापुढे एक खूण. एकच. नियमाप्रमाणे एका खुणेवर नाव वर जात नाही, त्यामुळे या छपाईत साहेबच वर राहील. मला ते लागेल, पण राहू द्या. नांदूरघाटच्या पलीकडची गावं मी या पावसाळ्याआधी पायी पालथी घालणार आहे, तोंड बंद ठेवून.

तिसरी गोष्ट अब्बांच्या त्या घोड्याच्या नालेवरून सुचली. सूचीत आणखी एक रकाना घालावा: ‘कुणी सांगितलं’. पाखरू कुणी पाहिलं याचं नाव आपण छापतो, मग सांगणाऱ्याचंही छापावं. ढेकळीपुढे छबुबाई, नांदूरघाट. मी काल त्यांना विचारून आले, तुमचं नाव छापलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, “छापा की. पर मी येनार न्हाई, मेंढरं काय मोहनराव बगनार हायत व्हय?” हे शेवटचं वाक्य मी कागदात घातलेलं नाही.

मोहनरावसाहेब रागावतील. पत्रिका छापून झाली आहे, तिच्यावर ‘तुर्रीचे जनक’ असं अब्बांचं नाव आहे. ते शब्द खरे आहेत, हे मी सभेत सांगेन. पाखरापुरते नाहीत, पण माझ्यापुरते खरे आहेत.

मला भीती वाटते आहे. पण पाना लावून पाहिलाय, ताई. आता ठिपका देते.

सकाळी अकराच्या वाचनाला दहालाच येऊन बसेन.

रविवार, १ फेब्रुवारीपर्यंत सूचीतली आणि त्यानंतर फक्त अब्बांची,
तुर्री